डालग्यावरच्या वाकळा

हिंगोलीच्या कापसाच्या जिनाचा पहिला भोंगा अंधारातच व्हायचा. थंडीच्या दिवसांत तो तातेरावाच्या गावापर्यंत स्पष्ट ऐकू यायचा. तोवर त्याची बायको गोजरबाई तयार असायची. भाकरी फडक्यात बांधलेली, डोक्यावरून जुनं धडपं घट्ट ओढलेलं, आणि तोंडानं कोंबड्यांचं चाललेलं.

“ऊन आल्याबिगर सोडू नका. दहिवरात भिजल्या की सर्दी धरतात. कोंडा कोमट पाण्यात कालवा. परळातलं पाणी बदला. अन् चाचपायचं इसरू नका.”

“व्हय, व्हय,” तातेराव वाकळेतूनच म्हणायचा.

“नुसतं व्हय नको. काल तांबडीला चाचपलं न्हाई तुमी. जाऊन बसली न भिकाबाईच्या कडब्यात. अंडं तिकडंच गेलं.”

“जाय आता. दुसरा भोंगा होईल.”

ती जायची. गावातल्या आणखी काही बाया वेशीपाशी जमायच्या आणि सगळ्या मिळून हिंगोलीची वाट धरायच्या. दिवसभर जिनात सरकीपासून निघालेला कापूस उचलायचा, मुकादमाचं बोलणं खायचं, आणि दिवेलागणीला परत यायचं. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा केसांत, भुवयांत, लुगड्याच्या निऱ्यांत कापसाची पांढरी कूस बसलेली होती. तातेरावाला ती एकदम म्हातारी दिसली. त्याला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हे वाटलं की गावातल्या कुणी हिला असं पाहिलं असेल.

माणूस तसा वाईट नव्हता. मार्गशीर्षात कापसाची गाडी भरताना बैल बुजले आणि चाक त्याच्या उजव्या पावलावरून गेलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि होळीपर्यंत औताला हात लावायचा नाही असं बजावलं. उभी जवारी चुलतभावाच्या हवाली करावी लागली. घरात बसलेला मिशीवाला माणूस आणि कामाला गेलेली बायको, हे त्याच्या घरात कधी झालं नव्हतं. दोन वर्षांमागं लेकीच्या, अनुसयेच्या लग्नात, भर मांडवात व्याह्यासमोर तो बोलून बसला होता, “आमच्या घरच्या बाईनं आजवर दुसऱ्याच्या बांधावर पाय ठिवला न्हाई.” ते वाक्य आता त्याला रोज भोंग्याबरोबर आठवायचं.

आणि वर ह्या कोंबड्या. पाच होत्या. काळी, तांबडी, दोन पांढऱ्या आणि एक खापराच्या रंगाची, खापरी. अनुसयेला दिवस गेले तसं गोजरबाईनं त्या राखायला सुरुवात केली. दसऱ्याला कापू दिली नाही, पाहुणा आला तरी हात लावू दिला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा माघात लेक येणार. बाळंतिणीला पहिले दिवस कोंबडीचा गरम शेरवा मिळाला तरच तिच्या अंगात रग भरते आणि लेकराला दूध पुरतं, यावर गोजरबाईचा देवाइतका भरवसा होता. अनुसया मुळात काडी. पहिल्यापासून अंगानं अशक्त. म्हणून त्या पाच कोंबड्या म्हणजे गोजरबाईचा सगळा जीव होता, आणि तो जीव ती रोज सकाळी नवऱ्याच्या हाती देऊन जिनात जायची.

बाकी कामं तातेराव कशीबशी करायचा. काठी टेकत खुराडं झाडायचा, कोंडा कालवायचा, घार आली की काठी हवेत फिरवायचा. पण ते चाचपणं! कोंबडी काखेत दाबायची, तिची शेपूट वर करायची आणि बोट घालून आत अंडं आहे का पाहायचं. असलं तर तिला डालग्याच्या पालथ्या टोपलीखाली डांबून ठेवायचं, म्हणजे ती घरातच घालते. बायका हे बोलता बोलता करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. तातेराव मात्र आधी दाराबाहेर डोकावून पाहायचा, मग भिंतीकडं तोंड करून बसायचा. एकदा संतरामनं त्याला तसा पाहिला. संतराम म्हणजे चावडीपुढं शेकोटीला सगळ्यांच्या आधी येऊन बसणारा आणि सगळ्यांच्या मागून उठणारा माणूस. त्या दिवसापासून तो रस्त्यानं जाताना ओरडायचा, “काय तातेराव, आज कितीजणी बाळंत होऊन राहिल्या?” शेकोटीवर हशा व्हायचा. तातेरावाचे कान तापायचे.

खरं म्हणजे यातही एक गंमत होती, ती तातेरावानं कुणाला सांगितली नाही. कोंबड्यांना त्याचा लळा लागला होता. तो अंगणात बाजेवर उन्हाला बसला की तांबडी पायाशी यायची, पांढऱ्या दोघी बाजेखाली लवंडायच्या आणि काळी तर सरळ उडी मारून मांडीवर बसायची, डोळे मिटून घ्यायची. तो तिच्या मानेवरून बोट फिरवायचा. तिच्याशी बोलायचा सुद्धा. फक्त खापरी तेवढी जवळ यायची नाही, लांबूनच मान वाकडी करून पाहायची. हे सगळं त्याला आवडायचं, आणि आवडतं याचीच लाज जास्त वाटायची.

पौषातली एक सकाळ. ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं. तातेरावाच्या हाताला कोंडा लागलेला, मांडीवर काळी. इतक्यात शेजारच्या भिकाबाईनं गडग्यावरून हाक मारली.

“तातेरावभाऊ, वो भाऊ! तुमचे इवाई येऊन राहिले. वेशीपाशी दिसले मला.”

“कोण, उकंडराव?”

“तेच की. पांढरा पटका हाय.”

तातेराव उभा राहिला तो पायाची कळ मस्तकात गेली. उकंडराव म्हणजे अनुसयेचा सासरा. ज्याच्यासमोर तो बांधाचं बोलला होता तोच. गोजरबाई कुठं म्हणून विचारणार. आणि या कोंबड्या! हाकलल्या तरी परत येणार, आणि व्याह्यादेखत ही काळी टुणकन मांडीवर चढून बसणार. मग सांगायला काही राहिलंच नाही, बाई कामाला आणि बुवा कोंबड्यांत.

“आ, आ, आ,” त्यानं हळूच हाक दिली. काळी, तांबडी, पांढऱ्या त्याच्या मागं मागं घरात आल्या. त्यानं एकेक उचलून कोपऱ्यातल्या डालग्याखाली सारली. खापरीनं मात्र फार दमवलं. लंगडत लंगडत तिला चुलीमागं कोंडली, धरली आणि सगळ्यांच्या शेवटी भिंतीच्या बाजूनं आत कोंबली. डालगं लहान, कोंबड्या पाच. आत कलकलाट सुरू झाला. तातेरावानं बाजेवरची वाकळ ओढली आणि डालग्यावर टाकली. आवाज येतच होता. मग दुसरी टाकली, गोजरबाईची. मग अनुसया येणार म्हणून शिवून ठेवलेली नवी जाड वाकळ. वर घोंगडी. कडा सगळीकडून आत खोचल्या. आता कुणी पाहिलं तर अंथरुणाचा ढीग आहे असंच वाटलं असतं.

“राम राम, तातेराव.”

“राम राम, राम राम. या, इवाई. बसा. पाणी आणतो.”

“तुमी काहून उठता? पायाला तकलीफ देऊ नका. म्या घेतो.” उकंडरावानं स्वतःच रांजणातून तांब्या भरून घेतला आणि भिंतीला टेकून बसला. उंच, हाडापेरानं मोठा, बोलायला सावकाश. “इहीनबाई दिसून नाही राहिल्या?”

तातेरावाच्या तोंडून खोटं इतकं सहज गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. “माहेरी गेली. गोरेगावला. भाऊ आला होता न्यायला.”

“असं?” उकंडराव पाणी प्याला. तांब्या खाली ठेवला. “कवा गेल्या?”

“झाले की चार दिवस.”

“चालत?”

“छे, छे. चालत काहून? भावानं दमणी आणली होती.”

ढिगातून एक दबलेला कक् असा आवाज आला. तातेराव मोठ्यानं खोकला.

“सर्दी झाली वाटते,” उकंडराव म्हणाला.

“थंडी लई हाय औंदा.”

भिकाबाईनं गडग्यावरून चहाचे दोन पेले दिले. गोरेगावचं तिनं ऐकलं असावं; तातेरावाकडं तिनं असं पाहिलं की त्यानं मान फिरवली. चहा झाला. पायाचं झालं, जवारीचं झालं, थंडीचं पुन्हा एकदा झालं. उकंडराव मधेच थांबायचा आणि वाट पाहिल्यासारखा तातेरावाकडं बघायचा. तो एकदा म्हणाला, “तातेराव, दिवस सगळ्याचेच सारखे न्हाई राहत. मपल्या मायनं सुदिक दुसऱ्याचा कापूस येचला.” तातेराव म्हणाला, “व्हय, पण आमच्यात तसं कवा झालं न्हाई.” उकंडरावानं मान हलवली.

“अनुसया बरी हाय न?” तातेरावानं विचारलं.

“त्याचसाठी आलो. पायावर सूज आली तिच्या. सुईण म्हणली, गाडीत बसवून न्यायचं न्हाई. तवा बाळंतपण आमच्याकडंच करावं लागते. तुमी मनाला लावून घेऊ नका.”

“लई सूज हाय का?”

“हाय. फिकर करण्यासारखी न्हाई म्हणते सुईण. पण अंगात रगत कमी हाय पोरीच्या.”

 तातेराव लेकीचं आणखी विचारत राहिला, उकंडराव सांगत राहिला. ऊन उंबऱ्यावरून आत आलं आणि हळूहळू मागं सरलं. ढिगातून आता आवाज येत नव्हता. बरं झालं, निजल्या, असं तातेरावाला वाटलं. त्याचा जीव हलका झाला. उकंडराव उठला की पहिल्यांदा त्यांना सोडू, असं त्यानं मनाशी ठरवलंही.

पण उकंडराव उठेना. शेवटी त्यानं पटका काढून मांडीवर ठेवला, डोकं खाजवलं, आणि खाली पाहत म्हणाला,

“तातेराव, आता मला निघाया पाहिजे, म्हणून बोलतो. राग मानू नका. आमच्या गावात कोंबड्यायला रोग आला. माना टाकून टाकून सगळ्या मेल्या, गावात औषधाला एक राहिली न्हाई. सकाळी हिंगोलीवरून येताना जिनाच्या गेटावर इहीनबाई भेटल्या.”

तातेराव उगाच पायावरच्या कामट्यांची गाठ सारखी करू लागला.

“त्यायनंच हाक मारली मला. पोरीचं इचारलं. सारं सांगितलं त्यायनं, तुमच्या पायाचं, कामाचं. म्हणल्या, घरी जा, कोंबड्या घेऊन जा अनुसाठी. मालक मह्याहून चांगल्या सांभाळून राहिले, भिकाबाईनं पाहिलं, त्यायच्या मांडीवर बसतात म्हणल्या. हसून राहिल्या होत्या.” उकंडराव थांबला. “मी वाट पाहून राहिलो होतो, तुमी आपल्या मनानं कवा सांगता. मला काई वाटलं न्हाई हो त्यात. कोंबड्या कुठं हायत?”

तातेरावाला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पण त्याच क्षणी त्याची नजर ढिगाकडं गेली, आणि तिथून मघापासून आवाज नाही हे त्याच्या ध्यानात आलं. तो लंगडत धावला. घोंगडी ओढली. एक वाकळ, दुसरी, तिसरी. उकंडराव पाहत उभा होता. तातेरावानं डालगं उचललं.

काळी, तांबडी आणि दोन्ही पांढऱ्या एकमेकींवर पडलेल्या होत्या. चोची उघड्या, पंख सैल. अंग अजून गरम होतं. भिंतीच्या कडेला जिथं वाकळ नीट खोचली गेली नव्हती तिथल्या फटीत खापरीनं चोच घातली होती. ती तेवढी धापा टाकत होती. ज्या हाकेला ओ देऊन आल्या त्या मेल्या, आणि जी कधी जवळ आली नाही ती जगली. तातेराव काळीला हातात घेऊन तिथंच बसला. तिची मान बोटांवरून खाली लोंबली.

 उकंडरावानं मातीचं परळ भरून आणलं आणि खापरीची चोच पाण्यात बुडवली. तिनं एक घोट घेतला.

“ही तरी न्या,” तातेराव म्हणाला.

“न्हाई. राहू द्या. इहीनबाईला इचारल्याबिगर मी नेणार न्हाई.” त्यानं पटका बांधला.  तो गेला.

गोजरबाई दिवेलागणीला आली. अंगणातूनच तिनं विचारलं, “इवाई आले होते न? कोणत्या कोणत्या नेल्या?”  ती आत आली, आणि चिमणीच्या उजेडात तिला दाराआड ओळीनं ठेवलेल्या कोंबड्या दिसल्या. ती खाली बसली. एकेकीला उलटून पाहिलं.

“मुंगूस शिरलं?”

“न्हाई. म्या कोंडल्या.”

त्यानं सगळं सांगितलं. गोरेगाव, दमणी, वाकळा, काहीच ठेवलं नाही.  ती चिडली असती, डोकं बडवून रडली असती, तर तातेरावाला सोपं गेलं असतं. तिनं केसांतली कापसाची कूस काढली, बोटांनी तिची बारीक गोळी केली.

“जिनात मुकादम साऱ्यायदेखत बोलतो,” ती म्हणाली. “तरी मला लाज न्हाई वाटली कवा. म्हणलं, मपलंच घर हाय, मपलीच लेक हाय. आज वाटून राहिली.”

“गोजरे...”

“मपल्या मालकाला मपली लाज वाटती, याची.”

मग ती उठली. चौघींना पाटीत घालून उकिरड्याच्या पलीकडं पुरून आली, हात धुतले, भाकरी थापल्या आणि रोजच्यासारखी पहिली त्याला वाढली. 

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. गोजरबाई निघाली. ऊन आल्यावर सोडा, कोंडा कालवा, यातलं एक अक्षर ती बोलली नाही. दार ओढून घेतलं आणि गेली. तातेराव वाकळेत तसाच पडून त्या न बोललेल्या बोलण्याची वाट पाहत राहिला. उजाडलं तसा तो उठला, खापरीला खुराड्यातून काढून काखेत धरलं, काठी घेतली आणि बाहेर पडला.

चावडीपुढं शेकोटी पेटलेली होती. संतरामनं मान वर केली. “अरे वा! कुठं निघाली सवारी? नातीगोतीत का?”

तातेराव थांबला. आजवर तो इथून खाली मान घालून जायचा.

“लेकीकडं चाललो. बायको जिनात जाती, मी घरी कोंबड्या सांभाळतो. पाच होत्या. इवाई आला तवा मला लाज वाटली, म्हणून वाकळाखाली दडवल्या. चार मेल्या. ही राहिली.”

कुणी तरी फिस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. संतराम काटकीनं विस्तव सारखा करू लागला. तातेरावाला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. लाज होती तिथंच राहिली, फक्त ती आता सगळ्यांना दिसत होती.

वाट लांबली. दर थोड्या वेळानं तो बांधावर बसायचा, पाय चोळायचा, पुन्हा उठायचा. खापरी काखेत धडपडायची, नखं मारायची. हिंगोलीत जिनाच्या भिंतीवरून कापसाचा धुरळा उडत होता आणि आत यंत्रं घरघरत होती. गेटाशी तो घुटमळला. आत निरोप पाठवावा असं त्याला वाटलं, पण काय सांगावं ते सुचलं नाही. तो पुढं चालू लागला. उकंडरावाच्या दारी पोचला तेव्हा ऊन उतरत होतं आणि पायातल्या कामट्या सैल होऊन मांसाला रुतत होत्या.

अनुसया अंगणात भिंतीला टेकून बसली होती. पावलं सुजलेली, तोंड पिवळं. बापाला पाहून ती उठायला गेली, पण तिला उठवेना.

“बा! चालत आला? ह्या पायानं? अन् माय? आली का गोरेगावाहून?”

तातेरावानं उकंडरावाकडं पाहिलं. तो ओसरीवर दोर वळत होता. त्यानं नजर खाली केली. तातेरावाचं खोटं त्यानं घरात तसंच सांगितलं होतं, सुनेपुढं तिच्या बापाची पत राहावी म्हणून.

“असतील अजून तिकडं,” उकंडराव दोराकडं पाहतच म्हणाला. “माहेरी गेलेलं माणूस लवकर थोडंच येते.”

“न्हाई, इवाई,” तातेराव म्हणाला.  “अनु, तुपली माय माहेरी न्हाई गेली. जिनात कामाला हाय ती, महिना झाला. म्या खोटं सांगितलं. तुह्यासाठी तिनं पाच कोंबड्या राखल्या होत्या. चार मपल्या हातानं मेल्या. ही घे.”

 अनुसयेचे डोळे भरून आले, ते मायसाठी की बापासाठी, ते त्याला कळलं नाही. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि खापरीला घेतलं. आईनं शिकवलं होतं तसं तिनं सवयीनं कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी दाबून पाहिली, आणि मान वर केली.

“इच्या पोटात दाणा न्हाई, बा. सकाळधरून काई घातलं न्हाई का इला?”

तातेरावाला आठवेना. मग आठवलं. शेकोटीपुढं काय बोलायचं, इथं आल्यावर काय बोलायचं, हे तो पहाटेपासून मनात जुळवत होता. कोंडा कालवायचा राहूनच गेला होता.